महदूम माणूस

झहले, ९ नोव्हेंबर १९९७

शाहीन,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू पत्र न उघडताच चुलीत घातलं असतंस, म्हणून पत्ता तन्नूसकडून लिहून घेतला. तन्नूस म्हणजे त्रिपोलीच्या रस्त्यावर गाडी चालवतो तो, जाड मिशीवाला. आठवड्यातून दोनदा तो तुमच्या कूराच्या फाट्यावरून जातो. तेलाच्या घाण्यावर पत्र ठेवीन म्हणाला. तेव्हा रागवायचंच असेल तर त्याच्यावर रागाव, अक्षर त्याचं आहे.

मी लिहितोय, कारण मला बोलता येत नाही. थट्टा नाही करत. उन्हाळ्यापासून आवाज बसला होता. स्टँडवर "बैरूत, बैरूत, एक सीट" असं ओरडून बसला असेल म्हणून मी मधाचं पाणी पीत राहिलो. शेवटी बैरूतच्या डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं, तर आत मटाराएवढी गाठ. दहा दिवसांपूर्वी ती काढली. वाईट काही निघालं नाही, काळजी करू नकोस. करत असशील तर. पण तीन महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल म्हणाला. गळ्यात दोरीनं वही अडकवलीय आणि वहीला पेन्सिल बांधलीय. मी लिहून विचारलं, झोपेत घोरलो तर चालेल का? तो हसला आणि नर्सला म्हणाला, "बघा, याचा आवाज काढून घेतला तरी हा महदूमच."

तर बैरूतच्या दवाखान्यातही तेच. सत्तावीस वर्षं या रस्त्यावर शेअर टॅक्सी चालवतोय, आता तो शब्द माझ्या नंबरप्लेटवर रंगवायचा काय तो राहिलाय.

चार वर्षं आपण दोघे भाऊ बोललो नाही. त्यातल्या तीन महिन्यांचा दोष तरी आता डॉक्टरच्या माथी मारता येईल. मी दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो, पण दार बंद होतं. असो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझ्या हातून झालं, हे मी तेव्हाच कबूल केलंय. सगळं गाव म्हणालं की शाहीननं एवढं मनावर घ्यायला नको होतं. मी नाही म्हणत, गाव म्हणतं.

घरचं सांगायचं तर मागच्या अंगणातली द्राक्षवेल यंदा भरपूर आली. मी एकटा किती खाणार, पाखरांनी खाल्ली. तुझी छिन्नी आणि हातोडे अजून खोपटातच आहेत. गंज धरू नये म्हणून मी त्यांना तेल लावतो. तू गेल्यापासून गावात दगड घडवणारा कुणी उरला नाही, सगळे सिमेंटचे ठोकळे लावतात.

तुझ्या वदीआला माझा नमस्कार सांग. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

खरं तर चालणार नाही.

मिलहिम

झहले, ३० नोव्हेंबर

शाहीन,

तन्नूस म्हणतो की घाण्यावरून पत्र कुणीतरी नेलं. कुणी ते घाणेवाल्याला आठवत नाही. तूच नेलंस असं धरून चालतो.

आज एक गंमत सांगतो. तुला आठवतं, लोक भरत आलेली गाडी सोडून माझ्या गाडीसाठी थांबायचे? "मिलहिमची पाळी कधी आहे?" असं विचारायचे आणि ऊन असो, बर्फ असो, भिंतीला टेकून उभे राहायचे. बाकीचे ड्रायव्हर चिडायचे, म्हणायचे, याच्या गाडीला काय सोन्याची चाकं आहेत? तर आता माझी पाळी आली की मी दार उघडून उभा राहतो, हातानं खुणा करतो. लोक बसतात, नाही असं नाही. दोन दिवस सगळ्यांना मजा वाटली. मी वहीत लिहायचो, मागचा मोठ्यानं वाचायचा, सगळे हसायचे. पण खिंडीच्या चढावर दोन्ही हात लागतात, आणि विनोद लिहीपर्यंत शिळा होतो. तिसऱ्या आठवड्यात ती दर मंगळवारी दातांसाठी बैरूतला जाणारी म्हातारी नुहाद माझ्या गाडीत डोकावली आणि मागे सरकून दुसऱ्या बाईला म्हणाली, "मी पुढच्या गाडीनं जाते गं. मिलहिमचं हे असलं तोंड बघितलं की मला माझं दुखणं आठवतं."

मला ऐकू येतं हे लोक विसरतात. गळा गेलाय, कान नाही.

संध्याकाळी पूर्वी आपल्या ओट्यावर चार माणसं तरी असायची. कुणी ना कुणी अरकची बाटली घेऊन यायचं, मी काकड्या चिरायचो. आता माणसं येतात, तब्येत विचारतात, आणि मग एकमेकांशी बोलतात. मी मध्ये बसलेला असतो. मग कुणाला तरी काम आठवतं. या आठवड्यात कुणीच आलं नाही. मी तक्रार करत नाही. सर्कशीतलं माकड आजारी पडलं तर लोक तिकीट काढून माकडाचा ताप बघायला थोडेच येणार आहेत?

हे वाक्य वाचून आई म्हणाली असती, "पुरे, तुझ्या तोंडी रडगाणं शोभत नाही." खरंय. तिनं मला कधी रडू दिलं नाही. मी रडायला लागलो की म्हणायची, "माझा महदूम बाळ ना तू?" मग मी हसायचो. तुला मात्र ती रडू द्यायची. तुझ्याशेजारी बसून भाजी निवडत राहायची.

दुपार झाली. घरात इतकं शांत आहे की नळाचा थेंब पडतो तोही ऐकू येतो. उद्या वॉशर बदलतो.

मिलहिम

झहले, ६ जानेवारी १९९८

शाहीन,

सण आहे, गाड्या बंद आहेत. नाताळाला मला पाच घरांतून बोलावणं असायचं, यंदा दोन आली आणि दोन्हीकडे मी गेलो नाही. काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काल खिंडीत बर्फ पडला. पुढे ट्रक आडवा झालेला, आम्ही दोन तास अडकलो. मागचे तिघे झोपले. पुढे माझ्याशेजारी ब्राझीलहून आलेली एक मुलगी होती, विशीची असेल. आजोबांचं गाव बघायला आलीय. नाव मारिझा. अरबी बोलते ती तिकडच्या आज्यांची, मोडकी आणि जुनी. तिनं माझी वही बघितली आणि म्हणाली, "तुम्हाला लिहायला वेळ आहे ना? मग मला एका शब्दाचा अर्थ सांगा. मी आल्यापासून जो तो मला महदूमे म्हणतोय. मावशा म्हणतात, भाजीवाला म्हणतो. शब्दकोशात बघितलं तर निघालं 'पचलेली'. मला खाणार आहात का तुम्ही लोक?"

मी इतका हसलो, आवाज न करता, की गाडी हलली. मग मी लिहायला घेतलं. लिहिलं की जो माणूस पोटात जड होत नाही तो महदूम. ज्याच्यापाशी बसल्यावर पाच मिनिटांत आपल्याला घरचं वाटतं, ज्याच्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. तान्ह्या पोराला म्हणतात, बोबडं बोलणाऱ्या पोरीला म्हणतात, नव्या टोपीलाही म्हणतात. एखाद्यानं चूक केली आणि त्याच्यावर रागावता आलं नाही, तरी म्हणतात. बिशपला म्हणत नाहीत. न्यायाधीशाला म्हणत नाहीत. लिहिता लिहिता मला जाणवलं की ज्याच्यावर आपला भार टाकायचा असतो त्याला आपण हा शब्द लावतच नाही. पण ते लिहिलं नाही.

तिनं सगळं वाचलं. मग म्हणाली, "माझे आजोबा असे नव्हते. कुणाशी बोलायचे नाहीत, पाहुणे आले की उठून जायचे. पण मी शाळेतून येईपर्यंत ते जेवायचे नाहीत. कधीच जेवले नाहीत. मग त्यांना काय म्हणायचं?"

मी पेन्सिल वहीवर टेकवली आणि तशीच राहू दिली. मला शब्द सापडला नाही, शाहीन. तिनं वाट बघितली, मग ट्रक हलला.

आई आपल्या दोघांबद्दल काय म्हणायची ते आठवतं? "मिलहिम म्हणजे दही आणि शाहीन म्हणजे मटणाचे किब्बे. एकाला दात लागत नाहीत, दुसरा खाल्ला की झोपावं लागतं." सगळे हसायचे, तूही हसायचास, मान खाली घालून. मी आयुष्यभर ते माझं कौतुक समजत आलो. लग्नाच्या वयात चार मुली मला बघून गेल्या आणि चौघींच्या घरून एकच निरोप आला, पोरगा महदूम आहे, पण. त्या "पण"च्या पुढे कुणीच काही बोललं नाही, आणि मी ती गोष्ट सांगून सत्तावीस वर्षं गाडीतल्या लोकांना हसवलं.

आणि आता ते लिहितो जे लिहायला बसलो होतो.

तुझा घस्सान गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी पुरुषांच्या खोलीत मी खिडकीपाशी बसलो होतो. लहानपणी आई आपल्याला कुणाकडे घेऊन जायची तेव्हा जिन्यातच शिकवायची, आनंदाच्या घरी कॉफी प्यायली की कप ठेवून "दाइमे" म्हणायचं, म्हणजे तुमच्या घरी हे नेहमी असंच राहो. दुःखाच्या घरी कडू कॉफी प्यायची, देव त्याला जवळ करो म्हणायचं आणि जीभ दाताखाली धरायची. मांडीला चिमटे काढून शिकवलं होतं. लहान पोरंसुद्धा विसरत नाहीत ते मी विसरलो. मोठ्यानं म्हणालो, "दाइमे."

म्हणजे पोराच्या मृत्यूची कॉफी तुमच्या घरात कायम राहो.

मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो की जीभ घसरली ती अंत्ययात्रेमुळे. लग्न न झालेल्या पोराला आपण नवरदेवासारखा पाठवतो. पांढरी पेटी, ढोल, खांद्यावर नाचवणं. वदीआनं गच्चीवरून तांदूळ उधळले आणि घसा फाटेपर्यंत लग्नातल्यासारखी किलकारी दिली. तीन दिवस डोक्यात तीच वरात होती, म्हणून तोंडून लग्नातला शब्द गेला. हे ऐकून लोक मान हलवतात, त्यांना पटतं. ते खरं नाही. मी त्या आधी अर्धा तास खिडकीपाशी आठ-दहा माणसांना घेऊन बसलो होतो आणि घस्सान लहानपणी बोकडावर बसून चर्चमध्ये शिरला ती गोष्ट सांगत होतो. ते हसत होते. दुःखाच्या घरी सगळे माझ्याच बाजूला येऊन बसतात. मला ते आवडतं. हसणं थांबलं तेव्हा कप हातात होता, आणि मी कुठे आहे ते मी विसरलो होतो. तू दारात उभा होतास. तू ते हसणं ऐकलंस, मग तो शब्द ऐकलास.

तुझा चेहरा मला आठवत नाही. मी बघितलाच नाही. कपाकडे बघत राहिलो.

मिलहिम

झहले, ११ जानेवारी

शाहीन,

मागचं पत्र तन्नूसनं स्वतः वदीआच्या हातात दिलं. म्हणाला, तिनं घेतलं, पिशवीत ठेवलं आणि त्याला ऑलिव्हची बरणी दिली. मला काही निरोप नाही म्हणाला. बरणी त्यानं मला दाखवली. वदीआ अजून त्यात लिंबाच्या फोडी घालते.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलंय. दोनदा दारापर्यंत आलो होतो असं म्हणालो. एकदाही नाही आलो. एकदा फाट्यापर्यंत आलो, गाडी अक्रोडाच्या झाडाखाली लावली, आतून वदीआनं कोंबड्यांना हाक मारलेली ऐकू आली, आणि मी गाडी वळवली. झहलेला येऊन सांगितलं की दार बंद होतं. लोक म्हणाले, तुझा भाऊ म्हणजे अगदी दगड.

मी स्वतः आलो नाही, लोकांना पाठवलं. आपल्याकडे तशी रीत आहे असं मी स्वतःला सांगितलं, चार वजनदार माणसं मध्ये घालायची. पाद्री आले. गावप्रमुख मुखत्यार आला. नदीकाठचा हॉटेलवाला आला. माझ्या गाडीतल्या तीन म्हाताऱ्या भाडं देऊन तुझ्याकडे आल्या. सगळ्यांनी आनंदानं ते काम केलं, मिलहिमसाठी कोण नाही म्हणणार? सहाव्या माणसानंतर तू पाद्रींना जे सांगितलंस ते त्यांनी येऊन मला शब्दशः सांगितलं. तू म्हणालास, "सहा जण आले. सहाही जण म्हणाले, जाऊ दे, तो महदूम आहे. तो दुःखी आहे असं सांगायला एकही नाही आला."

पाद्रींनी हे सांगितलं तेव्हा मी काय केलं ते तुला माहीत नाही. मी म्हणालो, मग सातवा माणूस पाठवतो, रडका बघून. पाद्रीही हसले.

त्यानंतर दोन महिन्यांत तुम्ही घर बंद करून वदीआच्या गावी गेलात. जाताना किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलीत, माझ्याकडे नाही. मी ती त्याच्याकडून मागून घेतली. तुमचं घर मी उघडतो, वारा जाऊ देतो. घस्सानच्या खोलीत जात नाही.

मिलहिम

झहले, ८ फेब्रुवारी

शाहीन,

आवाज आला. गुरुवारी डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, बोल काहीतरी. मी काही बोलायलाच तयार नव्हतो. तो म्हणाला, "घाबरू नकोस, मोजून दाखव." मी एक ते दहा मोजले. जुन्या दारासारखा करकरतो, पण आवाज आहे.

शुक्रवारी स्टँडवर मी तोंड उघडलं आणि सगळे ड्रायव्हर धावत आले. कुणीतरी हॉर्न वाजवला. नुहाद म्हातारीनं दुसऱ्याच्या गाडीतून आपली पिशवी काढली आणि माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली. म्हणाली, "तू नव्हतास तर हा रस्ता दुप्पट लांब झाला होता रे माझ्या महदूमा." मी तीन महिने रोज इथेच होतो. तिला तसं सांगितलं नाही. तिला वहीची गोष्ट सांगितली, डॉक्टरची सांगितली, घोरण्याची सांगितली. श्तौऱ्यापर्यंत सगळी गाडी हसत होती. खिंडीच्या वर गेल्यावर मला थकवा आला. घसा दुखत नव्हता. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि उतरेपर्यंत पीत असल्याचं नाटक केलं.

संध्याकाळी ओट्यावर पाच माणसं आली. अरक आला. काकड्या मी चिरल्या. सहाच्या सुमाराला त्यांना सांगितलं की डॉक्टरनं जास्त बोलायला मनाई केलीय, आणि दार लावून घेतलं. डॉक्टरनं मनाई केलेली नाही.

मला तू हवा होतास. एवढंच. दुसऱ्या कुणाजवळ बोललो नाही की लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. तुझ्याजवळ मी लहानपणी कितीतरी तास बोललोच नाही आणि काहीच बिघडलं नाही. लढाईच्या वर्षी गाव वेढलं होतं, तेव्हा तळघरात अकरा दिवस तू माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसलास. मी इतका घाबरलो होतो की माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. तळघरातल्या लोकांनी दोन दिवस माझ्याकडे बघितलं, आता हा काहीतरी बोलेल म्हणून, मग त्यांनी बघायचं सोडलं. तू मला काही विचारलं नाहीस. रोज तुझी अर्धी भाकरी माझ्या गुडघ्यावर ठेवायचास आणि तोंड दुसरीकडे करायचास.

त्या ब्राझीलच्या पोरीला मी हे सांगायला हवं होतं. शब्द नसता सापडला तरी.

मिलहिम

झहले, १ मार्च

अबू घस्सान,

चार वर्षं मी तुला या नावानं हाक मारलेली नाही. पत्रांत शाहीन, शाहीन लिहीत आलो. बापाला थोरल्या पोराच्या नावानं हाक मारायची आपली रीत पोर गेल्यानं संपत नाही, हे मला माहीत आहे. उलट अशा वेळी तर मुद्दाम मारायची असते, म्हणजे ते नाव घरात ऐकू येतं. मी टाळलं. मला वाटलं त्यानं तुझ्या जखमेवर मीठ पडेल. खोटं. माझ्याच घशातून ते नाव निघत नव्हतं.

मला अबू कुणाचाच होता आलं नाही. साठीला आलो तरी शेंबडी पोरंसुद्धा मला नुसतं मिलहिम म्हणतात. घस्सान तेवढा मला काका म्हणायचा.

घस्सान दवाखान्यात होता तेव्हाचं एक राहिलंय. ते मी तुला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

तुला वाटतं की मी त्या नऊ दिवसांत रोज येऊन त्याला हसवायचो. वदीआ तर म्हणायची, तू आलास की त्याच्या तोंडावर रंग येतो. सातव्या दिवशी तू आणि वदीआ खाली सूप आणायला गेला होतात. मी खुर्ची ओढून बसलो आणि मुखत्यारच्या गाढवाची गोष्ट काढली. त्यानं डोळे मिटलेले होते. ओठांवर पापुद्रे आले होते. तो म्हणाला, "काका, हसलो की दुखतं." मी म्हणालो, बरं, मग कमी हसवणारी सांगतो. तो म्हणाला, "नको. नुसते बसा ना थोडा वेळ. काही बोलू नका."

मला बसता आलं नाही, अबू घस्सान.

मी एक मिनिट बसलो असेन. त्याचा हात चादरीवर होता, माझ्याकडे तळवा करून. तो धरायचा होता हे मला कळत होतं. खोलीत त्याच्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नव्हता. मला वाटलं, मी गप्प बसलो तर त्याला कळेल. तो मरतोय हे मला माहीत आहे, असं त्याला कळेल. आणि बोलायचं नसेल तर मी तिथे कशासाठी आहे हे मला समजेना. मी उठलो, म्हणालो, "तू झोप राजा, मी कॉफी घेऊन येतो," आणि बाहेर गेलो. बाहेर तीन नर्स होत्या. मी त्यांना गाढवाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. दार उघडं होतं, त्याला ऐकू आलं असणार. तुम्ही सूप घेऊन आलात तेव्हा मी तिथेच उभा होतो. तू म्हणालास, "हा आहे म्हणून बरं आहे."

दोन दिवसांनी तो गेला. मग तिसऱ्या दिवशी तुझ्या घरात तू जे हसणं ऐकलंस ते त्याआधी त्यानंही ऐकलं होतं. तू माझ्यावर रागावलास तो एका शब्दासाठी. रागवायला त्याहून मोठं कारण होतं, ते मी तुझ्यापासून लपवलं.

हे तीन महिने मला बोलायची बंदी होती तेव्हा मी गाडीत, घरात, स्टँडवर नुसता बसायला शिकलो. पहिला महिना जीव जायचा. मग जमायला लागलं. त्याच्या खोलीची खिडकी उघडायला काल पहिल्यांदा आत गेलो आणि खाटेच्या कडेला दुपारभर बसलो. काही बोललो नाही. रडलो. एवढ्या उशिरा कोणी शिकतं का? आणि कुणाच्या कामाचं?

मी माफी मागत नाही. माफी मागायला बसलो की मला काहीतरी चटकदार सुचतं. मी दुःखी आहे. सातवा माणूस पाठवण्यापेक्षा हे मीच लिहितोय. पाकिटावर या वेळी अक्षर माझं आहे.

मिलहिम

कूरा, ९ मार्च १९९८

मिलहिम,

सगळी पत्रं मिळाली. पहिलं पत्र घाण्यावरून मीच नेलं. अक्षर तन्नूसचं होतं, पण झहलेहून मला पत्र लिहिणारं दुसरं कुणी नाही.

वदीआ मोठ्यानं वाचते, मी ऐकतो. शेवटचं तिनं दोन वेळा वाचलं, दुसऱ्यांदा मधेच थांबली, पुढचं मी वाचलं. पत्रं तू लिहिल्यासारखी वाटत नाहीत. कुणी महदूम म्हणणार नाही अशी आहेत. ती आम्ही इथे आणलेल्या घस्सानच्या कपाटात ठेवली आहेत.

त्यानं मलाही नुसतं बसायला सांगितलं होतं. मी बसलो. तो हात धरवेना म्हणून मीही खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. हे मी वदीआलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी चौदा तारीख आहे, घस्सान गेला तो दिवस. सकाळी प्रार्थना, मग घरी. वदीआ कॉफीत साखर घालत नाही. हातोड्यांना जास्त तेल लावू नकोस, दांडा सैल होतो. येताना घेऊन ये.

सोबत कुणालाही आणू नकोस.

अबू घस्सान